मशीन झेपत नाही म्हणजे नेमकं काय झेपत नाही?

पत्र: वय ५१. इंदूरला सुदामानगरात राहतो, नोकरी पिथमपूरला, रोज स्वतः गाडी चालवत जातो. वजन ९६ किलो, उंची पाच फूट सात इंच, बीपीच्या दोन गोळ्या चालू. बायको कित्येक वर्षं घोरण्याबद्दल बोलायची. मागच्या महिन्यात तिने माझा श्वास थांबताना मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आला, सिव्हिअर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याचा तीव्र आजार. एएचआय ५८, सर्वांत कमी ऑक्सिजन ७४ टक्के. मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन ट्रायलवर आणलं, दाब १२, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. चार रात्री झाल्या, दोन-अडीचला मास्क काढून फेकतो. मला हे झेपणार नाही असं दिसतंय. मेहुणे म्हणतात, कोविडच्या वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात पडलाय, तोच लावा. पुण्याचा भाऊ म्हणतो, नाकाचं ऑपरेशन करून घे. आई म्हणते, डाव्या कुशीवर झोप. आता तर झोपायचीच भीती बसली आहे. लाइट गेली तर मास्कमध्ये गुदमरणार नाही का? दिवाळीत पुण्याला जायचं तर हे लटांबर सोबत न्यायचं? आणि हे आता आयुष्यभर?

उत्तर: भीतीपासूनच सुरुवात करू, कारण ती घेऊन झोपलात तर चेहऱ्यावरचा मास्क दुप्पट जाचतो. एएचआय ५८ म्हणजे तासाला सरासरी ५८ वेळा तुमचा श्वास किमान दहा सेकंद बंद पडतो किंवा बराच उथळ होतो. ५ च्या आत सामान्य, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तुमचा आकडा काठावरचा नाही, तेव्हा ‘मशीनने चुकीचं मोजलं असेल’ या आशेत वेळ घालवू नका. पण प्रत्येक वेळी घसा मिटला की मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू पुन्हा ताठ होतात आणि श्वास सुरू होतो. सकाळी तुम्हाला यातलं काही आठवत नाही, थकवा मात्र आठवतो. रिपोर्ट मागच्या महिन्यातला असला तरी आजार जुना आहे आणि इतकी वर्षं शरीराने रोज रात्री तुम्हाला शेकडो वेळा जागं केलं आहे. आज रात्रीच काही होईल ही भीती म्हणूनच अवाजवी आहे. नुकसान होतं ते साठत जाणारं: दोन गोळ्यांनाही दाद न देणारं बीपी, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघाताचा वाढलेला धोका. उपचार काही आठवड्यांत नीट बसवायचा आहे, एका रात्रीत नाही.

घाई एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे गाडी. उपचार न झालेल्या स्लीप ॲप्नियात अपघाताचा धोका साधारण दोन-अडीच पट असतो. स्टिअरिंगवर येणारी डुलकी सांगून येत नाही. बहुतेकांना ती आल्याचं कळतही नाही, एवढंच जाणवतं की मधला फाटा कधी गेला ते आठवत नाही. मशीनवर सलग आठ-दहा चांगल्या रात्री होऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत कंपनीच्या बसने जा किंवा सहकाऱ्याच्या गाडीत बसा. रात्रपाळीनंतर तर गाडी नकोच. एबी रोडने (आग्रा-मुंबई रस्त्याने) सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट उतरायची वेळ आली तर दुसऱ्या कोणाला चालवू द्या. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, सुपारी चघळणं याने झोप जात नाही, आपण जागे आहोत असा भास तेवढा होतो.

आता मशीन. ‘झेपत नाही’ ही तक्रार आम्ही तक्रार म्हणून धरतच नाही, कारण तिच्यावर काही उपाय करता येत नाही. मास्क फेकण्याची चार-पाच ठरावीक कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ते कारण शोधायला मशीनमधलं कार्ड किंवा मोबाईलवरचं ॲप मदत करतं. त्यात रोजचे तास, हवेची गळती आणि मशीन लावूनही उरलेला एएचआय दिसतो. तुमची दोन-अडीचची वेळच बोलकी आहे. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप वाढते, तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात. जबडा खाली पडतो, तोंड उघडतं, माणूस उताणा वळतो आणि मास्क सरकतो. ट्रायल देणाऱ्या टेक्निशियनला विचारा: दोनच्या सुमारास गळती वाढते आहे का, की गळती ठीक असून श्वास थांबणं वाढतं आहे? गळती असेल तर दोष मास्कचा. गळती नसताना श्वास थांबत असेल तर दाबाबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. बाजारातल्या एका नेहमीच्या कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वरची गळती वाईट मानतात. दुसऱ्या कंपनीचे आकडे वेगळ्या पद्धतीने येतात, म्हणून तुमच्या मॉडेलची मर्यादा विचारून घ्या.

आमचा पहिला संशय मास्कवर आहे. नाक-तोंड झाकणारा मास्क पुष्कळदा ‘रुग्ण तोंडाने श्वास घेतो’ एवढ्यावर हातात ठेवला जातो. पण उपचाराआधी तोंड उघडं राहतं ते घसा मिटतो म्हणून. घसा उघडा राहू लागला की बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं. मोठ्या मास्कची कडा लांब, म्हणून गळायच्या जागा जास्त, आणि तो पुष्कळदा दाबही जास्त मागतो. साधी परीक्षा अशी: तोंड मिटून पाच मिनिटं बसा आणि फक्त नाकाने श्वास घ्या. त्रास न होता जमलं तर नुसत्या नाकावर बसणारा मास्क किंवा नाकपुड्यांत टेकणारे पिलो मागा. मिशा असतील तर पिलो हमखास बरे, कारण मिशांवर सिलिकॉनची कड नीट बसत नाही. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही उपचारपद्धत मांडली तेव्हा मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. आज निदान साईज निवडता येते, तेव्हा ती निवडण्यात आळस करू नका. बहुतेक कंपन्यांचा मापाचा कागदी साचा मिळतो. तो नाकावर ठेवून माप घ्या, ‘मीडियम सगळ्यांना चालतो’ यावर विसंबू नका.

मास्क बसवायची पद्धत उलटी शिकवली जाते, म्हणून सविस्तर सांगतो. पलंगाच्या कडेवर बसून पट्टे आवळायचे आणि मग आडवं व्हायचं, असं करू नका. आडवे झालात की गालांचा आकार बदलतो आणि सगळं बिनसतं. आधी झोपा, नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर. मशीन सुरू करून पूर्ण दाब येऊ द्या. बऱ्याच मशीनमध्ये यासाठी ‘मास्क फिट’ची सोय असते. सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा ओढून पुन्हा टेकवा, म्हणजे आतला पातळ पदर हवेने फुगून त्वचेला लागेल. मग खालचे दोन पट्टे सारखे ओढा, नंतर वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळती झाली की आणखी आवळायचा मोह होतो आणि तिथेच चुकतं. आवळल्याने तो पातळ पदर दुमडतो, गळती वाढते आणि नाकाच्या दांडीवर लाल वण उठतो. हवा डोळ्यांत जात असेल तर वरचे पट्टे आधी सैल करून, मास्क पुन्हा टेकवून पाहा. कवळी वापरत असाल तर माप घेताना तोंडाची स्थिती रात्रीसारखीच ठेवा, कवळी काढल्यावर गाल बसतात. आणि मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून सतत हवा येते ती गळती नव्हे. तुम्ही सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो, ती छिद्रं कधीच बुजवायची नाहीत. ती हवा सौभाग्यवतींच्या तोंडावर येत असेल तर डोक्यावरून नळी जाणारा मास्क मागा.

दाब १२ म्हणजे १२ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, वातावरणाच्या दाबाच्या सव्वा टक्क्याहूनही कमी. आकडा छोटा आहे, पण श्वास सोडताना तो समोरून जाणवतो. यासाठी मशीनमध्ये श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सेटिंग असते, १ ते ३ अशी. २ किंवा ३ वर ठेवून पाहायला सांगा. ती वाढवल्यावर उरलेला एएचआय चढला तर मात्र एक पायरी खाली यायचं, कारण मदत करताना ती घशाचा आधारही थोडा काढून घेते. दुसरी सेटिंग रॅम्पची: मशीन ४ वर सुरू होऊन हळूहळू १२ वर जातं. तुमच्या अंगलटीच्या माणसाला ४ वर हवाच पुरत नाही, पहिल्या दहा मिनिटांत जीव घुसमटतो आणि दोष मास्कला दिला जातो. सुरुवात ६ किंवा ७ वर करून घ्या. दाब स्वतःच कमी-जास्त करणारं ऑटो मशीन असेल आणि ते ४ ते २० असं कारखान्यातून आलं तसंच ठेवलेलं असेल, तर तुमचा दाब १२ माहीत असताना त्यात काही अर्थ नाही. डॉक्टरांकडून १२ च्या आसपासचा आखूड पल्ला लिहून घ्या. हे आकडे स्वतः मेनूत शिरून बदलू नका. काही लोकांत मशीन लावल्यावर मेंदूकडून श्वासाचा इशाराच न येण्याचे प्रसंग दिसू लागतात. ते बहुधा काही आठवड्यांत मावळतात, पण तेव्हा दाब वाढवत नेणं उलट चुकीचं ठरतं.

सकाळी पोट हवेने फुगलेलं, ढेकर येत आहेत असं असेल तर हवा अन्ननलिकेत जाते आहे. श्वास सोडतानाची सवलत वाढवणं, डाव्या कुशीवर झोपणं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवणं, याने बहुतेकांना आराम पडतो. रात्री उशिरा सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन लगेच आडवं होणं हा यातला मोठा हातभार आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

नाक चोंदणं आणि घसा कोरडा पडणं ही पुढची जोडगोळी. मशीनमागे जोडलेली पाण्याची टाकी आणि तिची गरम पट्टी यासाठीच आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलावा वाढवा, पावसाळ्यात उतरवा. डिसेंबर-जानेवारीत वेगळीच गंमत होते: टाकीतली उबदार ओली हवा थंड खोलीतल्या नळीत येते, तिचं पाणी होतं आणि पहाटे नाकात थेंब गळतात, नळी गुळगुळ करते. ओलावा एक-दोन पायऱ्या खाली आणा, नळी दुलईच्या आतून घ्या आणि मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा म्हणजे पाणी मागे ओघळेल. टाकीत मेडिकलवरचं डिस्टिल्ड वॉटर. नर्मदेच्या नळाचं असो की बोरिंगचं, क्षाराचा पांढरा थर बसणारच, बोरिंगचा जास्त. डिस्टिल्ड संपलं तर एखाद्या रात्री उकळून गार केलेलं आरओचं पाणी चालेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी मात्र नाही, ते श्वासात जाण्याएवढं शुद्ध असेल याची कोणी हमी देत नाही. थर बसलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर, नऊ भाग पाणी, अर्धा तास भिजवून खळखळून धुवा. नाक मुळातच बंद असेल तर झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने धुणं आणि डॉक्टरांनी दिला तर स्टिरॉइडचा स्प्रे. नाक पटकन उघडणारे थेंब मात्र पाच-सात दिवसांच्या पुढे घालू नका. नंतर ते थेंबच नाक बंद पाडतात. तोंडावर चिकटपट्टी लावायचे सल्ले फिरत असतात, ते विसरा.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल कोणी बजावत नाही. मशीन खोलीतलीच हवा ओढून नाकात देतं. शेजारी डासांची कॉइल, धूप किंवा उदबत्ती जळत असेल तर तो धूर थेट तुमच्या नळीत जातो. मच्छरदाणी लावा. मशीनची मागची, हवा ओढणारी जाळी भिंतीला किंवा गोधडीला चिकटू देऊ नका.

आता घाबरगुंडी, कारण तुमच्या पत्रात तीच जास्त आहे. मास्कची ओळख झोपेच्या वेळी, दमलेल्या आणि चिडलेल्या डोक्याने करायची नसते. दोन-तीन दिवस संध्याकाळी टीव्ही पाहताना नळी न जोडता नुसता मास्क लावा, वीस ते तीस मिनिटं. पुढचे दोन दिवस नळी जोडून, मशीन चालू, खुर्चीत बसून. नंतर एखाद्या सुटीच्या दिवशी दुपारी आडवं होऊन. रात्रीचं चालूच ठेवा, फक्त नियम एवढाच की मास्क काढायची ऊर्मी आली की काढा, पाणी प्या, पाच मिनिटांनी पुन्हा लावा. सकाळपर्यंत बाजूला ठेवून दिला की मेंदू शिकतो, फेकलं की सुटका होते. पहिल्या आठवड्यात जी सवय लागते ती पुढे टिकते असं अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून ‘पुढच्या महिन्यात निवांत बघू’ नको. टेक्निशियनला फोन करायचा तो याच आठवड्यात.

तास किती? ‘चार तास झाले की पुरे’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो अमेरिकेतल्या विम्याचा निकष आहे: सत्तर टक्के रात्री किमान चार तास वापर, म्हणजे विमावाले मशीनचे पैसे देत राहतात. शरीराचा निकष तो नाही. तुम्ही दोनला मास्क काढता तेव्हा पुढच्या चार तासांतली, म्हणजे सर्वांत वाईट ॲप्नियाची झोप उघड्यावर राहते. २०१६ साली निकाल आलेल्या ‘सेव्ह’ चाचणीत आधीपासून हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग मात्र घटली. त्या रुग्णांचा सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. एवढ्या वापरातून हृदयाला काय मिळणार होतं, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. बीपीबाबतही अवाजवी अपेक्षा नको. सरासरीने दोन-तीन अंकांचा फरक पडतो, काहींना जास्त. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सर्वांत आधी जाणवतं ते वेगळंच: रात्री लघवीला उठणं कमी होतं, सकाळचं डोकं दुखणं जातं.

लाइटचं. मास्कमध्ये गुदमरत नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं, आणि मोठ्या मास्कमध्ये दाब गेला की आपोआप उघडणारी झडप असते. महिन्यातून एकदा मशीन बंद करून, मास्क लावून श्वास घेऊन पाहा, झडप उघडल्याचं कळतं. होईल ते एवढंच की तुमचं जुनं घोरणं परत येईल. गरम टाकी बंद ठेवली तर असं मशीन साधारण ३०-४० वॉट घेतं, म्हणजे आठ तासांना ३२० वॉट-अवरच्या आत. १२ व्होल्ट १५० एएचच्या ठीकठाक बॅटरीवर पंख्यासकट रात्र निघते. टाकी आणि गरम नळी चालू ठेवली तर हाच आकडा दुप्पट होऊ शकतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर काही ॲडॉप्टर गुरगुरतात, तापतात. इलेक्ट्रिशियनला एवढं विचारा की उशाचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का. बऱ्याच घरांत फक्त पंखा आणि ट्यूबच असते. मेन जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात काही मशीन बंद पडतात, म्हणून श्वास ओळखून आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू ठेवा.

मेहुण्यांचा कॉन्सन्ट्रेटर परत कपाटात ठेवा. घसा मिटलेला असताना नाकापाशी ऑक्सिजन सोडून दार उघडत नाही. ऑक्सिजनचा आकडा वर दिसतो, श्वास थांबणं तसंच राहतं, उलट लांबूही शकतं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३ च्या वर आहे. अशा काही लोकांत झोपेत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना नुसता ऑक्सिजन धोक्याचा. हे साठणं ओळखायला रक्तातलं बायकार्बोनेट तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. २७ किंवा जास्त आलं तर ते पुढची तपासणी सांगतील. थायरॉइड पाहिलं नसेल तर तेही.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पडदा वाकडा असेल तर नाकाच्या ऑपरेशनने मशीन सुसह्य होतं, क्वचित कमी दाबावर भागतं. पण अडथळा घशात आहे, तो नाक सरळ करून जात नाही. दातांवर लावून खालचा जबडा पुढे धरणारं साधन सौम्य-मध्यम आजारासाठी किंवा ज्यांना मशीन खरोखरच लागू पडत नाही त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी ती दुसरी फळी. आईंचं ऐका, पण मशीन लावून. रिपोर्टमध्ये उताणं आणि कुशीवर असे दोन वेगळे आकडे असतात. कुशीवरचा बराच कमी असेल तर पाठीमागे लोड ठेवून झोपा. ५८ चा आजार निव्वळ कुशीने आटोक्यात येत नाही.

झोप येत नाही म्हणून मेडिकलवरून अल्प्राझोलामसारखी गोळी घेतली असेल तर थांबा, आणि रोजची सवय असेल तर डॉक्टरांना सांगून हळूहळू सोडा. ती घशाचे स्नायू सैल करते आणि मेंदूचं जागं होणंही लांबवते. दारूचंही तेच, झोपायच्या आधीचे चार तास तर नाहीच. कधीही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचं असलं तरी, भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगा आणि मशीन सोबत न्या.

दिवाळीत पुण्याला न्यायचंच. पाणी आधी रिकामं करा. टाकी भरलेली असताना मशीन आडवं झालं की पाणी मोटरीत जातं, आणि मशीन मरण्याचं हे नेहमीचं कारण आहे. रेल्वेतला चार्जिंग पॉइंट फोनसाठी असतो, रात्री बहुधा बंदही करतात, आणि स्लीपर बसचा तर भरवसाच नको. एक रात्र मशीनविना गेली तर कुशीवर झोपा, दारू टाळा आणि सकाळी पुण्यात गाडी चालवू नका. वारंवार प्रवास असेल तर तुमच्याच मॉडेलला चालणारी लिथियम बॅटरी घ्या. विमानात ती १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये नेता येते, मशीनही हातातल्या सामानात ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. भावाकडे उशापासून प्लग लांब निघतो, एक्स्टेन्शन बोर्ड विसरू नका. जाताच आहात तर भावाच्या मानेचा घेर मोजा. घोरतो, दिवसा पेंगतो, बीपी आहे, वय पन्नाशीपुढे, मान ४० सेंटिमीटरच्या वर, यातलं पुरुष असणं धरून तीन जुळलं तर तपासणीची पाळी त्याची.

विकत घेण्याची घाई करू नका, ट्रायलचे दिवस पुरे वापरा. इंदूरच्या दवा बाजारात किंमत खाली येईल, पण मास्क बदलून देणारा, कार्ड वाचून सेटिंग डॉक्टरांना कळवणारा माणूस सोबत मिळत नसेल तर ती बचत नव्हे. बिलावर मशीनचा सीरियल नंबर, वॉरंटी आणि मास्कची साईज लिहून घ्या. वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा आतला फोम झिजतो म्हणून आपली अनेक मॉडेल्स परत बोलावली होती. सीरियल नंबर तपासल्याशिवाय हात लावू नका. मेडिक्लेमवाले घरी वापरायच्या मशीनचे पैसे बहुधा देत नाहीत, तरी लेखी विचारा.

निगा फार नाही. मास्कची कड रोज सकाळी सौम्य साबणाने, कारण चेहऱ्याच्या तेलाने ती निसटते. टाकी रोज रिकामी करून वाळवा, नळी आठवड्याला धुऊन सावलीत टांगा. पातळ पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, करडा दिसला की बदला, आपल्याकडच्या धुळीत महिन्या-दोन महिन्यांनी. बारीक नळी घेतलीत तर मेनूत नळीचा प्रकार बदलायला सांगा, नाहीतर दाब चुकतो.

आयुष्यभर का? बहुतेकांना दीर्घकाळ, सगळ्यांना नाही. विस्कॉन्सिनमधल्या २००० सालच्या अभ्यासात वजन दहा टक्के घटलं की एएचआय साधारण एक चतुर्थांश उतरलेला दिसला, दहा टक्के वाढलं की जवळपास एक तृतीयांश चढलेला. तुमच्यासाठी दहा टक्के म्हणजे साडेनऊ किलो, आणि ५८ चे ४३ झाले तरी आजार तीव्रच. त्याहून पुष्कळ जास्त वजन उतरलं तर चित्र बदलू शकतं. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते मार्च २०२५ पासून मधुमेह आणि लठ्ठपणासाठी मिळतं. ते तुम्हाला लागू आहे का हे डॉक्टर ठरवतील, आणि ते चालू असतानाही मशीन चालूच राहतं. वजन उतरलं, घोरणं थांबलं, आता मशीन ठेवून देऊ, असं मनाने करू नका. घोरणं मशीनमुळे थांबलेलं असतं. डॉक्टर सांगतील तेवढ्या रात्री मशीन बंद ठेवून झोपेची तपासणी पुन्हा करायची, आणि मशीन ठेवायचं की नाही ते त्या नव्या आकड्यावर ठरवायचं.